लिनेटचं वाचन

(जॉर्जियातलं एक गाव, काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र झाल्या ते वर्ष. रविवारची संध्याकाळ. व्हर्डेल मुलीच्या फ्रॉकला इस्त्री करते आहे.)

ओझेला मावशी : त्या कॉलरला आणखी किती खळ लावशील? मान कापेल पोरीची.

व्हर्डेल : गोऱ्या मुलींत बसते ती, मावशी. एक सुरकुती दिसली तरी म्हणतील, यांच्या घरी इस्त्री नसते.

ओझेला मावशी : उद्यापासून नाही बसणार त्यांच्यात.

व्हर्डेल : म्हणजे?

ओझेला मावशी : शुक्रवारी मी शाळेच्या जेवणघरात वाढत होते, तिथे तिच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, तुमची नात गोड आहे हो, पण तिला वाचता येत नाही. मागच्या इमारतीतल्या वर्गात पाठवते. दोन दिवस तुला सांगायचा धीर होईना माझा.

व्हर्डेल : मागच्या इमारतीत सगळी आपलीच मुलं आहेत.

ओझेला मावशी : सगळी. बस एक, फाटक एक, आत गेलं की दारं दोन. झाली शाळा एकत्र.

व्हर्डेल : पण आज सकाळीच तिनं चर्चमध्ये अख्खं स्तोत्र वाचलं. मागच्या बाकावरचे म्हातारे दचकून जागे झाले.

ओझेला मावशी : मला काय सांगतेस? अक्षरं मीच गिरवून घेतली तिच्याकडून.

व्हर्डेल : मग बोलायचं ना त्या बाईंशी.

ओझेला मावशी : बोलले. हसल्या. आपल्या शाळेला कुलूप लागलं तेव्हा माझ्या हातातला खडू काढून वाढायचा डाव दिला यांनी. वाढपिणीचं कोण ऐकतं? तरी विचारलं, तुम्ही कशावरून ठरवलंत? तर म्हणे, वाच म्हटलं की जमिनीकडे बघते. ओठ हलतात, आवाज नाही. काही विचारलं की ‘हो बाई’, आणि गप्प.

(व्हर्डेलचा हात कॉलरवरच थांबतो.)

ओझेला मावशी : इस्त्री उचल. जळेल.

व्हर्डेल : मीच शिकवलं तिला. पहिल्या दिवशी, बसची वाट बघताना. त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात वर करायचा नाही, आवाज चढवायचा नाही. आई मला गावातल्या दुकानात पाठवताना हेच सांगायची.

ओझेला मावशी : आणि तुझ्या आईला आमच्या आईनं सांगितलं. त्यावरच जगलो आपण. रडू नकोस.

व्हर्डेल : मग आता काय सांगू तिला? मान वर कर? उद्या उद्धट म्हणून घरी पाठवलं तर? गेल्या आठवड्यात मुलं खाली मान घालून बसली होती, तरी बसवर दगड आला. मान वर केली तर काय येईल?

ओझेला मावशी : माहीत नाही, बाळा. खरंच नाही. दमले मी. एवढंच कळतं, सकाळी घंटेआधी मुख्याध्यापकांसमोर तिला वाचायला उभं करायचं. बोलणं तू कर, कॉलेजात गेलेली तू. मी येते एप्रन काढून.

व्हर्डेल : लिनेट, ए लिनेट. पुस्तक घेऊन ये. इथे उभी राहा आणि वाच बघू.

लिनेट : कसं वाचू, आई? चर्चमधल्यासारखं, की शाळेतल्यासारखं?