डाव्या दाराचा पट्टा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या गॅरेजचे मालक, व्यासपीठावरचे जुन्या मोटारींच्या क्लबचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते फोरमनसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर चहाकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी,

मी शिवणखोलीतली. सीटा, छताचं कापड, दारांच्या आतलं चामडं, सगळं माझ्या मशीनवरून जातं. यादीत एकही बाई नव्हती म्हणून मालक म्हणाले, तूही दोन चांगले शब्द बोल. शब्द दोनापेक्षा थोडे जास्त होतील. चांगले आहेत का, ते तुम्ही ठरवा.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं. खरंच आहे. माझी कात्री हरवू नये म्हणून यांनी ती टेबलाला दोरीने बांधायला लावली. सहा महिने मी गाडीतलं माप घ्यायचे, टेबलाशी पळायचे, कापायचे, परत गाडीत. कात्री हरवली नाही, हे मान्य करायलाच हवं. टाळ्या वाजवा की!

बाहेर फाटकाशी ती हिरवी गाडी सजवून ठेवली आहे. साठ वर्षांची म्हातारी. आमच्याकडे आली तेव्हा तिचा तळ गंजून चाळण झाला होता. वहिनी, तुम्हाला सांगते, अशा गाडीचं इंजिन, काचा, सीटा सगळं उतरवतात आणि नुसता सांगाडा रोटिसरीवर चढवतात. म्हणजे पुढे एक लोखंडी खांब, मागे एक, मधे सांगाडा टांगलेला. शेगडीवर कोंबडी फिरवतात तसा गोल फिरवायचा. तळ आपल्यासमोर येतो. खाली झोपून अंगावर ठिणग्या घेत वेल्डिंग करावं लागत नाही.

पण कोंबडी वाकली तर कुणाचं काही जात नाही. गाडीचं तसं नाही. दाराखालचा उंबरा गंजलेला असला की टांगलेला सांगाडा मधोमध झुकतो. म्हणून आधी दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्या वेल्ड करतात. नवा उंबरा बसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. या हिरव्या गाडीला त्या नळ्या ज्याने लावल्या होत्या तो इथला पत्राकाम करणारा मिस्त्री, माझा थोरला भाऊ. तुम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचात. आज त्याचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून आठवण करून देते.

मासिकाचा फोटोग्राफर आला तो दिवस आठवतो ना, साहेब? दादा जेवायला गेला होता. तुम्ही म्हणालात, "दारात ही काय झाडं उगवलीत? फोटो घाण येईल." आणि ग्राइंडर घेऊन स्वतः डाव्या बाजूच्या नळ्या कापल्यात. मी शिवणखोलीच्या खिडकीतून पाहिलं. फोटो निघाला, नळ्या पुन्हा चिकटवल्यात. तोवर सांगाडा झुकला होता, आणि झुकलेला तसाच पक्का झाला. दादा आला, वेल्डिंग ताजं दिसलं, तेव्हा म्हणाला, "साहेब, पुन्हा माप घेऊ द्या." तुम्ही म्हणालात, "प्रदर्शन तोंडावर आलंय, माप कसलं घेतोस? काम कर मुकाट्याने."

गाडी चाकांवर उतरली आणि डावं दार लागेना. मग चौकशी झाली. साहेब म्हणाले, नळ्या कुणी कापल्याच नाहीत, मिस्त्रीचं माप चुकलं. मी पाहिलेलं सांगितलं. मालक, तुम्ही म्हणालात, बहीण भावाचीच बाजू घेणार. दादाला काढून टाकलंत आणि कागदावर लिहून दिलंत, 'कामात हयगय'. तो कागद बघून त्याला कुठलंही गॅरेज दारात उभं करत नाही. सत्तावीस वर्षं मोटारी घडवणारा माणूस आज लोकांच्या कपाटांची कुलपं ठोकून देतो. मला राग येतो. अजून येतो, लपवत नाही.

बसा, साहेब, बसा. संपतच आलंय.

तुमच्या मांडीवर जी गौरवपुस्तिका आहे तिचं अकरावं पान उघडा. मासिकासाठी काढलेला तोच फोटो साहेबांनी स्वतः निवडून दिलाय. सांगाडा रोटिसरीवर टांगलेला, साहेबांचा हात त्याच्यावर. बघा, उंबरा अजून जुनाच आहे, गंजाची भोकं दिसताहेत. आणि डाव्या दाराची चौकट? रिकामी! चौकटीच्या चार कोपऱ्यांत ग्राइंडर फिरवलेल्या खुणा चकाकताहेत. मालक, बहिणीची साक्ष चालत नव्हती ना? ही तर साहेबांचीच आहे.

मग पुढे ते दार लागलं कसं? आतून मी एक चामड्याचा पट्टा शिवला, ओढून आतल्या कडीला अडकवायचा. साहेबांचा हुकूम होता. प्रदर्शनात लोक म्हणाले, वा, काय जुन्या काळची नजाकत! बक्षीस मिळालं. मी मान खाली घालून शिवला होता, कारण घरात एकाची नोकरी गेली होती.

आता साहेब त्याच गाडीत बसून घरी जाणार आहेत. आज सकाळी मी तो पट्टा उसवून काढला. निरोपाची भेट म्हणून या डब्यात घालून आणलाय. घ्या, साहेब. गाडीत डाव्या बाजूला बसा आणि घरापर्यंत दार हाताने धरून ठेवा.

मालक, आपण मला बोलू दिलंत, पाहुण्यांनी वेळ दिलात, सगळ्यांनी चहा थांबवून ऐकलंत, मनापासून आभार. माझी एकच विनंती आहे. तो कागद बदलून द्या, आजच, याच लोकांसमोर.

भाषणाच्या शेवटी चुकीची माफी मागतात. मी जे बोलले त्यात चूक नाही, तेव्हा सभेची माफी मागत नाही. माझी चूक पट्टा शिवण्याची. दादा, तू मागच्या रांगेत बसला आहेस. मला माफ कर.