न पुसलेला फोटो

वाल्मिक: हा नको, गजू. हाच तर माझ्या खिशात आहे. मला न पुसलेला पाहिजे. माझी माय जशी दिसते तसा.

गजेंद्र: वाल्मिकभाऊ, आधी बसा. झालं काय ते तरी सांगा.

वाल्मिक: बसायला वेळ नाही रे. माय काल सकाळपासून घरी नाही. दूध आणते म्हणून नवागामच्या घरातून निघाली. सहा महिने झाले, गल्ली विसरते, कधी कधी माझं नावसुद्धा.

गजेंद्र: अरे देवा! पोलिसात गेलात?

वाल्मिक: गेलो. त्यांनी फोटो मागितला. माझ्या पोरीच्या, धनश्रीच्या साखरपुड्याआधी तू काढलेला तोच दिला. रिक्षावाल्यांना तोच दाखवला. दिंडोलीला एक चहावाला म्हणाला, गोंदलेली एक म्हातारी काल इथं बसली होती, मीच चहा पाजला. मी घाईघाईनं खिशातून फोटो काढून दाखवला, तर म्हणतो, “ना भाई, आ नथी. आ तो बहु जुवान लागे छे.” ही नव्हे म्हणे, ही तर फार तरुण दिसते.

गजेंद्र: मग सांगायचं ना त्याला, फोटोतलं गोंदण पुसलंय म्हणून.

वाल्मिक: सांगितलं. पण स्टेशनवर कागद चिकटवायचेत, तिथं कोण सांगत उभं राहणार?

गजेंद्र: मी तुम्हाला निवडायला लिंक पाठवली होती. त्यात बारके फोटो होते, हात न लावलेले.

वाल्मिक: मी उघडलीच नाही. कारखान्यात बजावून ठेवलेलं, लिंक दाबली की खातं साफ. मेसेजच उडवला. म्हणून तर इथं येऊन, तुझ्याशेजारी बसून नंबर सांगितले.

गजेंद्र: पंधरा दिवसांनी ती लिंक आपोआप बंद होते, भाऊ. आणि मूळ फोटो मी लग्नसराईत पुसले. जागाच उरली नव्हती. (तरी कॉम्प्युटरात पुन्हा पुन्हा शोधून बघतो.)

वाल्मिक: अजून एकदा बघ. कॉम्प्युटरात कुठंतरी पडला असेल. पाया पडतो तुझ्या.

गजेंद्र: काय करता हे! उठा. तुमच्यासमोर तीनदा बघितलं ना. घरी कुणाच्या मोबाइलमध्ये नाही का एखादा?

वाल्मिक: मोबाइल दिसला की पदर ओढते तोंडावर. आधार कार्डावर नुसता काळा डाग आहे. नातीनं शपथ घातली म्हणून तुझ्यापुढं तेवढी सरळ बसली. आणि तू तिला पुसून टाकलंस.

गजेंद्र: मी? तुम्हीच म्हणालात, नाशिकची शिकलेली माणसं येतायत, मायचं गोंदण घालव, सुरकुत्या घालव, जरा उजळ कर.

वाल्मिक: म्हणालो. मीच म्हणालो. लाज वाटली मला तिची. फोटो घरी नेला तर माय विचारते, “ही कोन बाई?” आणि आम्ही सगळे हसलो रे, गजू. पोट धरून हसलो.

गजेंद्र: रडू नका, भाऊ. असं करू. ह्याच फोटोवर गोंदण परत काढतो, सुरकुत्या आणतो. अर्ध्या तासात छापून हातात देतो. तुम्ही फक्त सांगत जा. कपाळावर काय होतं?

वाल्मिक: कपाळावर... तुळस. नाही, थांब. चंद्रकोर असेल.

गजेंद्र: नक्की?

वाल्मिक: चंद्रकोरच. बहुतेक.

गजेंद्र: हनुवटीवर ठिपके किती? तीन, की पाच?

वाल्मिक: (खिशातला फोटो काढून त्यातल्या हनुवटीवर बोट फिरवतो.)

गजेंद्र: बरं, गालावर एक होता ना? डाव्या की उजव्या?

वाल्मिक: थांब, नूतनला फोन लावतो. तीच रोज मायची वेणी घालते.

(फोन लावून स्पीकर चालू करतो.)

नूतन: हां, बोला! काय व्हयनं? सापडल्या का?

वाल्मिक: नाही अजून. मायच्या हनुवटीवर गोंदण कसं आहे गं? ठिपके किती?

नूतन: खुणा कशाला विचारताय? अहो, कुठं आहात तुम्ही? कुठल्या दवाखान्यात बोलावलंय का ओळखायला? खरं सांगा मला.

वाल्मिक: नाही गं, तसं काही नाही. गजूच्या स्टुडिओत आहे. फोटोत परत काढायचंय.

नूतन: मग मला कशाला विचारता? माय तर तुमची आहे.

वाल्मिक: मला आठवत नाही, नूतन. तू सांग.