नव्वद पॉइंटांचा सिक्स

आमच्या विंगच्या क्रिकेट टीमचा विषय काढू नका, चहा कडू लागतो. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या सोसायटीच्या लीगमध्ये सलग तीन वर्षं आम्ही शेवटचे. बाहेरचा एक खेळाडू चालतो, म्हणून यंदा लिलावात आमचे कॅप्टन सावंतकाका शंभरातले नव्वद पॉइंट जवळच्या चेणे गावातल्या एका अठरा वर्षांच्या पोरावर उधळून आले. का, तर नुसते सिक्स मारतो!

आठवडाभर गेटवर तोच वाद. आमच्याच विंगचे मेहताभाई म्हणाले, "बच्चा है, प्रेशर में टूट जाएगा."

मी म्हटलं, "अपना टूटने को बचा क्या है?"

पहिल्या मॅचला पोराने पहिलाच बॉल असा उचलला की कंपाउंडच्या भिंतीवरून थेट रस्त्यावर. आम्ही नाचतोय आणि अंपायरचं बोट वर!

पोरगा गोंधळला. "काका, सिक्स ना?"

"नाही रे बाळा," सावंतकाका मटकन खुर्चीत बसले. "आमच्याकडे भिंतीबाहेर गेला की आऊट."

आठवडाभर भांडलो, पण हे एकालाही आठवलं नाही.

मलासुद्धा नाही. गेल्या वर्षी भिंतीपलीकडे लावलेल्या माझ्या गाडीची काच फुटली, तेव्हा कमिटीशी भांडून तो नियम मीच करून घेतला होता.