मानवतचं जीन बिघडलं!

…हासू नगा! तुमाला सांगते, ह्या 'जीन'नं माज्या संसाराचं पार भजं केलंय! मानवतात जीन मंजी काय? कापसातली सरकी काढायचा कारखाना! आमचे हे, आप्पाराव, तितं वजनकाट्यावर, पंधरा साल झाले. आन् परभणीचा डॉक्टर ह्यांचा रिपोर्ट बगून मनतो कसा, "रक्ताचा कॅन्सर वाटतोय. पण कोणता, ते कळायला जीन तपासावं लागेल." म्या रडत रडत मनलं, "तपासा सायेब… पन जीन तर दिवाळीपस्तोर बंद हाय!"

जीन तपासा म्हनं, जीन!

मंग कळलं, रक्तातलं जीन येगळं, त्यातली खोड हुडकायची. तवर आमचे दीर, दिनकरराव, हजर! "वैनी, म्हागाचीच टेस्ट करा! शंभर जीनं एका फटक्यात! मानसापरीस पैसा मोठा हाय का?" पैसा माजा, मानूस बी माजा, आन् तोंड ह्यांचं! मी बी हट्टाला पेटले. डॉक्टरम्होरं खुर्चीत बसले ती उठलेच न्हाई. भाईर लाईन बोंबलायली, कंपाउंडर "मावशी, उठा की!"… उठते व्हय मी?

"सायेब, म्हैस सुटली आन् झरी गावाकडं जाताना दिसली, तर झरीलाच जायचं, का जीप करून सारा जिल्हा हिंडायचा?"

डॉक्टर गालात हासला. "आधी झरीला. संशय एकाच बिघाडाचा आहे, त्यावर गोळी आहे; त्याची छोटी टेस्ट करू. नाही सापडला, तर मोठी."

"आन् मोठीत बी ह्योच घावला, तर गोळी बदलंल का?"

"नाही. गोळी तीच."

मंग! करा छोटी!

देवाशपथ, रिपोर्ट येईस्तवर भाकर उतरंना मला. हे गेले तर मी कुनासंगं भांडू? दिवाळी उलटली, रिपोर्ट आला… म्हैस झरीतच घावली! रोज एक गोळी, जन्मभर, चुकवायची न्हाई. डॉक्टर मनला, "गुण येईल." त्या खुशीत म्या यष्टीतूनच ह्यांच्या शेठला फोन लावला, वरडून, "शेठजी, जीनात बिघाड सापडला! येकच हाय, पर जन्मभर ऱ्हानार!"

झालं! यष्टीत निम्मे कापूसवाले! दुसऱ्या दिशी कापसाच्या समद्या गाड्या वळल्या पाथरीच्या जीनला. शेठ फोनवर रडकुंडीला, "मनकर्णाबाई, जीन दुरुस्त झालं म्हणून सांगा हो कुणाला तरी!"

जीन तपासा म्हनं, जीन! आता हे गोळी खाऊन, टुणटुणीत, काट्यावर जाऊन बसायलेत… मापायला कापूसच न्हाई! काय करता? घरचं जीन गोळीवर चालायलंय, आन् शेठचं माज्या तोंडानं बंद पडलंय!