हात धरणाऱ्या गृहस्थांविरुद्ध तक्रार नसल्याबाबत

मी, नाटकवाल्यांत मैना या नावाने परिचित, वय चौसष्ट, पूर्वी रंगभूमीवर कामे करीत असे, सध्या घरीच असते, राहणार पोस्टामागची वसाहत, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती ध्वनियंत्रणेचे काम करीत. ते गेल्या वर्षी वारले.

आज सकाळी मी बाजारातल्या औषधांच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. दुकानदाराने आतून हळू आवाजात विचारले, "गोळ्या की कॅप्सूल?" मी म्हणाले, "गोळ्याच द्या." तेवढ्यात मागे उभा असलेला एक वयस्क इसम पुढे आला, माझे दोन्ही हात धरले आणि मोठमोठ्याने विचारू लागला, "तुम्हाला ऐकू येतं? खरंच ऐकू येतं?" तो रडत होता. मी घाबरून ओरडले. रांगेतल्या दोघातिघांनी त्याला ओढून मारले. त्याचा चष्मा फुटला, ओठ फाटला. मार खातानाही तो तेच विचारत होता. तेव्हा मी त्याला ओळखले. लोकांनी त्याला ठाण्यात आणले, मीही मागोमाग आले.

सदर इसमास मी पूर्वी एकदाच पाहिले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख बाईंना एका प्रयोगासाठी चांगली रडणारी मुलगी हवी होती, म्हणून नाटकमंडळातून मला बोलावले. येणाऱ्याला सांगायचे की हा पाठांतराचा अभ्यास आहे. काचेपलीकडे मी हेडफोन लावून बसायची. माझा शब्द चुकला की त्याने बटण फिरवून माझ्या कानातला आवाज वाढवायचा. प्रत्यक्षात हेडफोनमध्ये काहीच नसे. माणूस दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुठवर जातो, हे बाईंना पाहायचे होते. तो कचरू लागला की सहायकाने म्हणायचे, "थांबता येणार नाही. पुढे चला."

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. पहिल्या मजल्यावरची खोली, खिडकीला हिरवा पडदा, दुपारचे ऊन, तापलेल्या यंत्राचा वास. यंत्र सांभाळणारा मुलगा मी छान रडले की पडद्याआडून अंगठा दाखवायचा. हेडफोनमध्ये काहीच नसे असे वर सांगितले, ते पूर्ण बरोबर नाही. तो गुपचूप गाणी लावायचा. मी गाणी ऐकत ऐकत किंचाळायची. पुढे त्याच्याशीच माझे लग्न झाले. हवालदारांनी विचारले, हे लिहायला हवे का? मी म्हणाले, लिहा.

बाईंचा नियम होता की कोणालाही खरे काय ते सांगितल्याशिवाय घरी सोडायचे नाही. शेवटी मी अलीकडे यायची, "बघा, ठणठणीत आहे मी" म्हणायची, मग सगळे मिळून चहा घ्यायचो. लोक सुटल्यासारखे हसत. सदर इसम तिथवर पोहोचलाच नाही. त्याने वारंवार विचारले, थांबू का? अखेर मी "आई गं, कान फुटला" म्हणून खुर्चीवरून पडले आणि गप्प झाले. तो उठला आणि जिन्याने पळत सुटला. सहायक मागे धावला, पण तो हाती लागला नाही. वसतिगृहातून त्याने सामान हलवले होते. घरच्या पत्त्यावरही कोणी राहत नव्हते. बाई म्हणाल्या, "कधीही उठून जाता येतं, हे आपण त्याला सांगितलंच नाही. उलट बसवून ठेवलं. बंद करा हे." प्रयोग बंद झाला. मला वाईट वाटले. ते त्या खोलीचे वाटले, त्याचे नाही.

ठाण्यात आल्यावर मी त्या गृहस्थांना बाकावर बसवून हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे कानात काहीच नव्हतं?" मी म्हणाले, "गाणी होती." त्यांनी फुटका चष्मा काढून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मला मास्तर व्हायचं होतं. पण त्यानंतर कुणाला 'चुकलास' म्हणायचा धीरच झाला नाही." त्यांनी सारी नोकरी लाकडाच्या वखारीत केली.

इतक्यात त्यांची मुलगी आली. "बाबांनी काय केलं?" असे तिने विचारले. ते मला म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी सांगितले. ती खाली बसली. म्हणाली, "आमच्या घरात रेडिओसुद्धा कुजबुजतो. आम्हाला वाटायचं, बाबांना आवाज सोसत नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तेव्हा पडलात तशा पडून दाखवाल?" ठाण्यात ओरडणे बरे दिसत नाही. म्हणून मी कानांवर हात ठेवून हलकेच "आई गं" म्हणाले आणि बाकावरून घसरले. उठताना गुडघ्याने दगा दिला, त्यांनीच हात देऊन उठवले. ते हसू लागले, फाटक्या ओठाने, अगदी मोठ्याने. हवालदार म्हणाले, "आवाज कमी." मुलगी म्हणाली, "हसू द्या हो त्यांना."

सदर गृहस्थांविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. त्यांना घरी जाऊ द्यावे. लिहिलेला मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून खाली सही करते.