आईच्या मशीनची मोटर

रुपा : काका, झालं का बघून? सांगा ना काय गेलंय. पट्टाच असंल.

सावळाराम : पोर झोपलीय ना तुझी?

रुपा : आत्ताच झोळीत घातली. का?

सावळाराम : मग हळू बोलतो. तू पण ओरडू नको.

रुपा : अवो, कपडे धुवायची मशीन हाय. डॉक्टरसारखं तोंड काय करता?

सावळाराम : हा मागचा पत्रा मी काढलाय. मोबाईलची बॅटरी मार आत. काय दिसतं?

रुपा : काय नाय.

सावळाराम : तेच म्हणतोय मी. काय नाय.

रुपा : म्हंजे?

सावळाराम : धुवायची मोटर नाय. पिळायच्या डब्याची नाय. टायमर नाय, पट्टा नाय, कप्पी नाय. वायरी कापल्यात, त्या पण टोकाला चिकटपट्टी लावून. सापगावात एवढा निगुतीचा चोर नसंल.

रुपा : उंदरांनी केलं असंल का?

सावळाराम : उंदीर स्क्रू परत बसवत नाय गो.

रुपा : आणि खाली तो दगड कसला?

सावळाराम : वजनाला ठेवलाय. झाडताना सरकवलीस तर हलकी लागू नये म्हणून.

रुपा : थांबा. थांबा जरा. काका... हा माझा वाटणाचा पाटा हाय!

सावळाराम : काय सांगतेस!

रुपा : चार महिने शोधतेय मी त्याला! पलीकडच्या सकुबाईला नाय नाय ते बोलले. तेव्हापासून ती माझ्या दारावरनं जात नाय. आणि हा माझ्याच घरात, मशीनच्या पोटात?

सावळाराम : बस तू आधी. पाणी पी.

रुपा : मी ह्यांना न सांगता तुमाला मुरबाडवरनं बोलावलं. म्हटलं, त्यांचे वस्ताद हायत, दहा मिनटात चालू करतील. रोज विचारलं की एकच, पार्ट येतोय, पार्ट येतोय. सिझरचे टाके ओले होते काका, तेव्हापासून लंगोट घेऊन नदीवर जातेय मी.

सावळाराम : जगन कधी येतो?

रुपा : हा काय, आला.

(जगन दारात थांबतो. खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवायची विसरतो.)

जगन : वस्ताद! तुमी इकडं कसे? अरे... पत्रा काढलात.

रुपा : पार्ट येतोय ना? कुठला पार्ट ते बघायला बोलावलं त्यांना. सगळेच यायचेत वाटतं.

जगन : रुपा, ऐक गो माझं.

रुपा : आईची मशीन होती ती.

जगन : मला माहिताय.

रुपा : माहिताय, आणि पाटा ठेवलात आत?

जगन : पहिला नुसता पट्टा काढला. आईची शप्पत, एका दिवसासाठी. आपल्या शाळेतल्या भूमिका बाईंची मशीन पट्ट्यावाचून अडलेली. शहापुरात फिरलो, कल्याणला गेलो. दुकानवाला हसला मला. म्हणाला, ह्या मशिनी अजून जित्या हायत?

रुपा : मग?

जगन : मग पट्टा नाय म्हंजे आपली बंदच होती. कसाऱ्याला हनुमान म्हणून गिऱ्हाईक हाय, त्याच्या मशीनचा टायमर गेला. त्याच्या बापाने घेतलेली मशीन, तीस वर्षं झाली. तो म्हणाला, भंगारात देतो. मला राहवलं नाय.

सावळाराम : टायमर पितळी दातांचा होता का रे?

जगन : पितळी, वस्ताद! फिरवला की दात दात मोजून घ्यावा.

सावळाराम : बोटाला कळायचं तेव्हा, पाच मिनटं लावलीत का सहा. आता नुसते दिवे लागतात. आणि मोटर? तांब्याची ना?

जगन : अख्खी तांब्याची. उचलायला दोन हात लागतात. जळली तरी माणूस बसून परत गुंडाळायचा. आता जळली की फेका.

सावळाराम : मी आठवड्याला तीन गुंडाळायचो. वार्निशचा वास अंगाला असा बसायचा, येष्टीत कोणी शेजारी...

रुपा : काका!

सावळाराम : हां. नाय, चुकला तो. चुकलास रे जगन. फार चुकलास.

रुपा : तुमी दोघं लग्नाला आलाय का इथं? मोटर कुठंय?

जगन : तान्साला.

सावळाराम : तान्साला? सोमीच्या मशीनला? मी तुझ्याकडं पाठवली होती ती?

जगन : होय.

सावळाराम : अरे, तू मला काय सांगितलंस! मोटर मुरबाडच्या भंगारात घावली म्हणालास. मी पाठ थोपटली तुझी! चार जणांना सांगत फिरलो, माझ्या पोराची नजर बघा.

जगन : सोमीची सासू अंथरुणाला खिळलीय, वस्ताद. दिवसाला चार गोधड्या ओल्या होतात. सोमी ज्या बंगल्यावर कामाला, तिथले साहेब बदली झाली तेव्हा ती मशीन देऊन गेले, ती पण जळकी. सोमी नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काय करणार?

रुपा : माझ्या तोंडाकडं बघायचं होतं.

जगन : नवीन घेऊ आपण. दिवाळीला.

रुपा : नवीन? काका, ह्यांना सांगा, माझ्यासमोर तो शब्द काढू नका म्हणावं. आश्रमशाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधायची माझी आई. हाताच्या भेगांत पीठ बसायचं तिच्या. जुनी म्हणून गुरुजींनी विकली तेव्हा घेतली तिने ही. पहिल्या दिवशी आमाला कामाला लावलंन आणि स्वतः पाट घेऊन हिच्यासमोर बसली. धुणं होईस्तोवर नुसती बसली. मी तिला रिकाम्या हाताने बसलेली एवढीच पाहिलीय. गेल्या वैशाखात गेली. पोरीला पण बघितलं नाय तिने. माझ्याकडं तिचं दुसरं काय हाय?

जगन : चुकलं माझं.

रुपा : काका, काकूंची जुनी मशीन हाय ना तुमच्या घरी? बंदच असंल आता. तिची मोटर ह्या सोमीला लावा. माझी मला परत द्या.

सावळाराम : तिच्यात पण काय नाय गो पोरी.

रुपा : काय नाय म्हंजे?

सावळाराम : हिच्यासारखीच. कुणाचं लग्नघर अडलेलं, कुणाची बाळंतीण. एक-एक करून सगळं गेलं. तुझ्या काकूला म्हणायचो, पार्ट येतोय.

जगन : वस्ताद, तुमी पण?

सावळाराम : तुला हे शिकवलं नव्हतं मी. कसं आलं तुझ्यात, देव जाणे.

रुपा : काकूंना कळलं नाय कधी?

सावळाराम : मला वाटायचं, नाय कळलं. ती गेली, तेरावं झालं, मग मशीन हलवायला घेतली. मागच्या पत्र्याला एकच स्क्रू होता, तो पण हाताने निघाला. आत साबणाच्या वड्या.

जगन : साबणाच्या?

सावळाराम : कपड्याच्या. जिथं मोटर बसते ना, बरोबर त्या जागेवर. विटा लावतात तशा रचलेल्या, वीस-पंचवीस. तिथनंच काढायची, हाताने धुवायची, संपत आल्या की परत भरायची. किती वर्षं, माहीत नाय मला. आणि मी रोज जेवताना तिला सांगायचो, आज अमक्याची चालू केली, काय गोड आवाज येतो. ती म्हणायची, भाकर घ्या अजून.

रुपा : एका शब्दाने बोलल्या नाय?

सावळाराम : बोलली असती तर बरं झालं असतं.

रुपा : मी बोलणार. मी वड्या नाय रचायची. लावा फोन तान्साला. आत्ता. आवाज मोठा करा, मला ऐकू दे.

जगन : काय सांगू तिला?

रुपा : खरं सांगा. जमलं तर.

जगन : हॅलो... सोमीताई? मी जगन. सापगावचा, मशीनवाला.

सोमी : बोल दादा! सासूला सांगत व्हते तुझं. पाच-सा वरसांत पहिल्यांदा मी दुपारची पाठ टेकली बघ.

जगन : ताई, ते मोटरीचं जरा...

सोमी : बेस चालतंय रं! आत्ताच लावलीय. थांब, फोन जवळ नेते. आयकू येतंय का?

जगन : येतंय.

सोमी : चालू व्हताना जरा कण्हते. मग लागते फिराया.

जगन : बुश झिजलाय तिचा. मी येऊन बदलून...

रुपा : हात लावायचा नाय त्याला!

जगन : काय झालं गो?

रुपा : आधी कण्हते, मग वळते. आई म्हणायची, हिची पण माझ्यासारखी कंबर धरलीय. ऐका... बघा, वळली.

सावळाराम : रडू नको पोरी. तू सांगशील तसं करतो आमी. आज संध्याकाळी आणा म्हणालीस तर आज आणतो.

सोमी : दादा? तिकडं कोण रडतंय? मोटरीचं काय म्हणत व्हतास? परत न्यायचीय का?

जगन : रुपा, काय सांगू?

रुपा : द्या तो फोन. आणि मागे लंगोट भिजत घातलेत, ते घ्या नि नदीवर जा तुमी. रोज जायचं आता.

जगन : जातो.

सोमी : न्यायची असंल तर ने रं. पर एवढ्या दोन गोधड्या तेवढ्या निघू दे माझ्या.

रुपा : ताई, मी जगनच्या घरची बोलतेय.

सोमी : बोल गो बाय.

रुपा : काय नाय. तू फोन ठेवू नको, मशीनपाशीच धर. होऊ दे तुझं धुणं.