पांढरी खूण, पिवळी खूण

(गॅरेजची शेड. डॉक्टरांची दोन सीटची, बिनछपराची जुनी स्पोर्ट्‌स कार नुकतीच फाटकाबाहेर गेली आहे. आत नवरा-बायको दोघंच.)

बायको : बस की आता खाली. फाटकाकडे टक लावून बघितलंस म्हणून गाडी लवकर येणार आहे का?

नवरा : आवाज ऐकतोय.

बायको : टेकडीच्या रस्त्याला लागलीसुद्धा असेल ती. इथून काय कपाळ ऐकू येणार?

नवरा : तू आईला कशाला बसू दिलंस?

बायको : मी बसू दिलं? डॉक्टर नुसतं म्हणाले, पहिल्या फेरीला शेजारी कोण येतंय, तर तुझी आई दार उघडून आत बसलीसुद्धा. तिला उतरवायची हिंमत तुझ्यात होती का?

नवरा : माझ्या पोटात मघापासून गोळा आलाय.

बायको : तो कधी नसतो? नोकरी सोडली तेव्हा गोळा. शेड घेतली तेव्हा गोळा. बोर्ड लावला त्या दिवशी तर तू जेवलाही नाहीस. अरे, झाडाखाली गंजत पडलेली गाडी होती ती. तळाला हात घातला तर पत्रा हातात यायचा. आज ती डॉक्टरांना घेऊन फिरायला गेलीय. आपलं पहिलं गिऱ्हाईक. जरा हस.

नवरा : परत आले की हसतो.

बायको : हसशील आणि लगेच दुसऱ्या गाडीची काळजी सुरू करशील. तो लाल गाडीवाला संध्याकाळी येतोय. म्हणाला, आधी डॉक्टरांची बघतो, मग माझी देतो. तेवढं तोंड धुऊन ठेव.

नवरा : पुढचं डावं चाक कसं वाटलं तुला?

बायको : कसं म्हणजे? गोल.

नवरा : चेष्टा नको. ठोकून पाहिलंस ना?

बायको : काय?

नवरा : मधला नट. तांब्याच्या हातोडीनं, घट्ट बसलाय का ते.

बायको : तू ठोकलास की. तुझी पांढरी खूण होती त्यावर.

नवरा : हो, पण नंतर तुझी पिवळीपण झाली.

बायको : पांढरी होती म्हणून पिवळी मारली.

नवरा : हातोडी न लावता?

बायको : असा काय बघतोयस? आवळणाऱ्यानं पांढरी मारायची, तपासणाऱ्यानं पिवळी, ठरलंय ना आपलं? डॉक्टर दारात येऊन उभे होते, माझं बॉनेटचं पॉलिश राहिलं होतं. तुझी खूण दिसली, मी माझी मारली. तू ठोकला होतास ना?

नवरा : गाडी जॅकवर होती तेव्हा चाक चढवलं. नट हातानं फिरवला, जाईल तेवढा. खाली उतरवल्याशिवाय ठोकता येत नाही तो, चाक फिरतं.

बायको : बरं. मग खाली उतरवल्यावर ठोकलास.

नवरा : खूण मी वरच मारून टाकली. खाली आल्यावर वाकावं लागतं, कंबर दुखते.

बायको : मी खुणेचं नाही विचारत. ठोकलास का?

नवरा : तू तपासणारच होतीस. राहिलंच तर तुला सापडेल, असं डोक्यात होतं.

बायको : अरे देवा.

नवरा : आठवतंय का बघतो. उजवीकडची दोन्ही ठोकली. मागचं डावं ठोकलं. मग आईनं चहाला हाक मारली.

बायको : फोन लाव. डॉक्टरांना फोन लाव आधी.

नवरा : लावतोय. वाजतोय.

बायको : इथंच वाजतोय. चार्जिंगला लावून गेलेत ते.

नवरा : दुसऱ्या गाडीच्या चाकाला चार-पाच नट असतात गं. एक राहिला तरी बाकीचे धरून ठेवतात. हिला मधोमध एकच आहे.

बायको : मला माहितेय. ते मला सांगत बसू नकोस. आईंना लाव.

नवरा : नाही उचलत.

बायको : पुन्हा लाव. स्कूटरची किल्ली कुठाय? मी निघते त्यांच्या मागं.

नवरा : कुठं जाशील? तू चढ चढेपर्यंत ते उताराला लागतील. थांब. उचलला. आई, ऐकू येतंय का?

आई : मोठ्यानं बोल रे, कान वाऱ्यानं भरलेत. काय मजा येतेय म्हणून सांगू. लोक थांबून बघतायत. तुझ्या बापानं मला कधी असं फिरवलं नाही.

नवरा : आई, नीट ऐक. गाडीतून कसला आवाज येतोय का?

आई : येतोय की. माझ्या बाजूनं, खालून. टक टक करतंय काहीतरी. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, जुनी माणसं आणि जुन्या गाड्या, सांधे वाजायचेच.

बायको : दे तो फोन इकडे. आई, उतार लागला का?

आई : आता लागेल. समोर दिसतोय.

बायको : गाडी थांबवायची आहे. उताराच्या आधी. पण त्यांनी कचकन ब्रेक मारायचा नाही, चाक वळवायचं नाही. सरळ रेषेत हळूहळू थांबू दे. तुमच्या बाजूचं पुढचं चाक सैल आहे.

आई : सैल म्हणजे?

बायको : म्हणजे निघू शकतं. त्यांना तसं सांगू नका, घाबरून पाय दाबतील. काहीही सांगा, पण हळू घ्यायला लावा.

आई : बरं.

नवरा : काय म्हणाली?

बायको : बरं म्हणाली.

नवरा : नुसतं बरं?

बायको : गप्प बस. स्पीकरवर टाकते, ऐक.

आई : डॉक्टर, जरा हळू घेता का? पोटात ढवळतंय मला. नाही नाही, ब्रेक नका मारू, धक्का बसला तर तुमच्या नव्या सीटवरच व्हायचं. अशीच आपोआप थांबू द्या. कडेला कशाला, सरळच राहू द्या. हां. अजून हळू.

नवरा : थांबली का?

बायको : श्श.

आई : थांबली गं. उतार चार पावलांवर आहे.

बायको : आई, तुम्ही आधी खाली उतरा. डॉक्टर कुठं आहेत?

आई : माझ्यासाठी पाणी आणायला गेलेत. पलीकडे नळ आहे. बिचारा धावतच गेला.

बायको : चाकाच्या मधोमध दोन कानांचा नट आहे बघा. त्याला हात लावून बघा, हलतो का.

आई : हा होय? अगं, हा तर बोटानं फिरतोय. बरणीचं झाकण फिरावं तसा.

नवरा : म्हणजे मी हातानं फिरवला तेवढाच राहिलाय.

आई : आता मी काय सांगते ते ऐका दोघं. त्याला काही कळलेलं नाही. मी पोट धरून बसते इथं. माझं औषध घेऊन आलोय म्हणून स्कूटरवर या, हातोडी पिशवीत आणा. त्याला मी बोलण्यात गुंतवते. दोन टोले हाणा आणि मोकळे व्हा. पहिल्याच गाडीला नाव खराब करून घेऊ नका.

बायको : ऐकलंस?

नवरा : ऐकलं.

बायको : आई म्हणतात त्यात चूक काय आहे? आत्ता ठोकलं की चाक पक्कं. कुणाला काही झालं नाही. हे बाहेर पडलं तर लाल गाडीवाला फाटकातूनच मागं फिरेल. मग काय करायचं आपण? कुठल्या तोंडानं परत नोकरी मागायची? मला भीती वाटतेय रे. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

नवरा : स्टिअरिंगच्या सांध्यावर पिवळी खूण तूच मारलीस ना?

बायको : हो.

नवरा : पाना लावून?

बायको : लावला असेल. लावते मी नेहमी.

नवरा : आठवतंय का?

बायको : ब्रेकच्या नळ्यांना लावला होता. ते नक्की. स्टिअरिंगला... त्या दिवशी सीटचं कातडं आलं होतं. मी घाईत होते. तू आवळलं होतंस ना ते?

नवरा : मला वाटतं, आवळलं होतं.

बायको : वाटतं?

नवरा : दोन टोले हाणले की डॉक्टर तो उतार उतरणार. मी नाही हे लपवून ठेवू शकत. आई, त्यांना फोन दे.

आई : आलेच बघ ते. शहाणा असशील तर—

नवरा : दे तू.

डॉक्टर : हॅलो. अहो, काळजी करू नका, तुमच्या आई बऱ्या दिसतायत. थोडा वारा लागला असेल. मी त्यांना आरामात घरी सोडतो, मग माझ्या बायकोला घेतो. ती उताराखाली चौकात उभी आहे कधीची.

नवरा : डॉक्टर, आईला काही झालेलं नाही. गाडी थांबवायला आम्हीच सांगितलं. पुढच्या डाव्या चाकाचा नट आमच्याकडून ठोकायचा राहिलाय.

डॉक्टर : राहिलाय म्हणजे? आम्ही एवढा चढ चढून आलो.

नवरा : हो.

डॉक्टर : मघाशी सरळ रस्त्यावर मी किती वेगात होतो, तुम्हाला कल्पना आहे? तुमची आई होती शेजारी.

नवरा : हो, डॉक्टर.

डॉक्टर : मग या आणि ठोका. बाकी सगळं ठीक आहे ना?

नवरा : सांगता येत नाही.

डॉक्टर : काय?

बायको : मी बोलते. डॉक्टर, एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, अशी आमची पद्धत होती. ह्या नटाला दोघंही एकमेकांवर विसंबून राहिलो. असं अजून कुठं झालंय, आम्हाला माहीत नाही. स्टिअरिंगबद्दलही छातीठोकपणे सांगता येत नाही. गाडी चालवू नका. आम्ही ओढून आणतो आणि सगळी पुन्हा उघडतो.

नवरा : डॉक्टर? हॅलो?

बायको : ठेवला का फोन?

नवरा : नाही. चालू आहे. नुसता वारा येतोय.

आई : मी आहे रे.

नवरा : डॉक्टर कुठं आहेत?

आई : गेले. उतारानं खाली चौकाकडे, पायीच.

बायको : काही बोलले?

आई : गाडीभोवती एक चक्कर मारली. चाकाला हात लावायला गेले आणि मागं घेतला. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. पाण्याची बाटलीपण माझ्यासाठी ठेवून गेलेत.

नवरा : किल्ली तुला दिली? म्हणजे गाडी आपल्याकडेच राहू द्यायची, की दुसऱ्या कुणाला न्यायला सांगणार आहेत?

आई : ते मी विचारलं नाही.

बायको : विचारायचं ना, आई.

आई : किल्ली दिली आणि ते चालायलाच लागले गं. तुम्ही दोघं लवकर या. तोवर मी चाकाला दगड लावते, उतार जवळ आहे.